कावसजीचं नवं नाक आणि नाकाचं अस्तर

"नाकात बोट घालून घालून नाकाला भोक पडतं ना हो डॉक्टर?" हा प्रश्न आई विचारते तेव्हा तिला बहुधा उत्तर नको असतं. शेजारी बसलेल्या मुलाला घाबरवायला डॉक्टरांची साक्ष हवी असते. पण उत्तर खरोखरच 'पडू शकतं' असं आहे. रोज होणारी गोष्ट नव्हे. बहुतेकांचा नुसता घोळणा फुटतो, काहींना आत पुळी येते, आणि थोड्यांच्या बाबतीत पडद्याला आरपार भोक पडतं. आता एवढासा मेकूड काढताना इतकं सगळं का व्हावं? आपण हातापायाला किती खाजवतो, तिथे कुठे भोकं पडतात?

याचं उत्तर नाकाच्या बांधणीत आहे. आणि ती बांधणी समजून घ्यायला पुण्यासारखं गाव नाही. नाक नव्याने बसवण्याची जी शस्त्रक्रिया पुढे जगभर गेली, तिची गाजलेली नोंद पुण्याची आहे. कसबा पेठेत राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, मला शंका आहे.

गोष्ट सवाई माधवराव पेशव्यांच्या काळातली. 1792 मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला आणि टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला, अशी लढाई चालली होती. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. इंग्रजी कागदात त्याचं नाव 'कावसजी' असं आलं आहे. नाव वाचून तो पारशी वाटतो, पण त्याच कागदात तो शेती करणाऱ्या जातीतला मराठा असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. माझा अंदाज असा, की मूळ नाव 'कावजी' असावं आणि साहेबाच्या कानाने त्याचं कावसजी केलं. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं.

हा माणूस कोण? त्या वृत्तांतात त्याचं नाव नाही. कावसजीचं नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावं आहेत, ज्याने काम केलं त्याची मात्र फक्त जात दिली आहे: विटा करणारा. विटा आणि मडकी ही आपल्याकडे कुंभारांची कामं. पुण्याच्या जुन्या गावठाणात, म्हणजे कसब्यात, नदीकडच्या अंगाला कुंभारवेस आणि कुंभारवाडा आहे. नावं अजून तीच आहेत, पण भट्ट्या तिथून गेल्या आणि बरीचशी कुंभार मंडळी मुंढव्याजवळ केशवनगरला गेली. तो वैद्य याच वस्तीतला होता असं कोणी छातीठोक सांगू लागला तर विश्वास ठेवू नका, कागदात 'पुण्याजवळ' एवढंच आहे. पण मातीच्या कामात मुरलेल्या हातांनी हे काम केलं, एवढं नक्की. ते काम कसं होतं ते वाचलं की हात मातीत मुरलेला असण्याचा अर्थ कळतो.

मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया स्वतः पाहिली. त्यांनी पाहिलेलं थोडक्यात असं. आधी मेणाची पातळ पट्टी कापलेल्या नाकाच्या थोटकावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. हा झाला साचा. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळा देठ तसाच राखायचा. त्या देठातून रक्त येत राहतं, म्हणून सोडवलेली कातडी मरत नाही. थोटकाची कड तासून ताजी करायची, तिच्यालगत एक खाच करायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या की झालं. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडं. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या उघड्या राहतील. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो देठ कापायचा.

हे सगळं भूल देण्याची सोय नसताना.

पुण्याच्या संगमावर तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या काळात पुण्यात पेशव्यांची आणि नाना फडणविसांची चित्रं काढत होता, पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्या हाताखाली काम करत होता. याच वेल्सने जानेवारी 1794 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचं चित्र काढलं. त्यावरून केलेलं छापचित्र आणि शस्त्रक्रियेचं वर्णन ऑक्टोबर 1794 च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात आलं. तिथल्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ते मनावर घेतलं, मृतदेहांवर सराव केला, आणि 1814 मध्ये चेल्सीच्या लष्करी रुग्णालयात एका अधिकाऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली. 1816 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि मग युरोपभर कपाळाच्या कातडीची नाकं होऊ लागली. आजही कर्करोगात नाक काढावं लागलं तर कपाळाची कातडी वापरतात, आणि सर्जन तिला 'इंडियन फ्लॅप' म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दर वर्षी कोणीतरी मला असा मेसेज पाठवतं की सुश्रुताचं पुस्तक वाचून पुण्याच्या कुंभाराने हे केलं. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचं वर्णन आहे, आणि ते थक्क करणारं आहे: पानाने मोजमाप घेणं, नाकपुड्यांत नळ्या घालणं हे सगळं त्यात आहे. पण त्यात कातडी गालाची आहे. कपाळाची पद्धत वेगळी. ती हाताकडून हाताकडे आलेली विद्या होती, आणि 1794 च्या नोंदीतही ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात दुर्मिळ नसल्याचं म्हटलं आहे. पुस्तकाशिवाय आली म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

आता बोटाकडे येऊ.

कावसजीच्या नव्या नाकात काय होतं? बाहेरची कातडी. फक्त तेवढंच. मधे कूर्चा नाही, आणि आतून अस्तर नाही. सदऱ्याला अस्तर नसलं तर बिघडत नाही, पण नाकाला अस्तर नसलं तर फार बिघडतं. आतली उघडी जखम भरताना आकसते आणि सगळं नाक आत ओढून घेते. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत कापडाचे बोळे घालायचे ते याचसाठी. युरोपातल्या सर्जननाही हे लवकरच कळलं: पहिल्या महिन्यात देखणं दिसणारं नाक पुढे आकसतं, नाकपुड्या बारीक होतात. मग त्यांनी कातडी आत दुमडून अस्तर करायच्या युक्त्या काढल्या.

म्हणजे नाकाचे तीन थर धरा: बाहेर कातडी, मधे हाडाचा आणि कूर्चेचा सांगाडा, आत ओलं गुलाबी अस्तर. बाहेरची कातडी जाड आणि दणकट. अस्तर पातळ आणि नाजूक. आपलं बोट जातं ते थेट अस्तरावर.

त्यातही ते सगळीकडे लागत नाही. तर्जनी नाकपुडीत घातली की तिचं टोक मधल्या पडद्याच्या पुढच्या खालच्या भागाला टेकतं. तिथेच नेमक्या चार-पाच रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या एकत्र येऊन जाळं करतात. अमेरिकेतल्या जेम्स लिटल या डॉक्टरने 1879 मध्ये आणि जर्मनीच्या कीसेलबाख यांनी 1884 मध्ये या जागेचं वर्णन केलं, म्हणून तिला दोघांचीही नावं आहेत. घोळणा फुटतो तो दहापैकी नऊ वेळा इथूनच. नखाचा एक ओरखडा पुरतो.

रक्त थांबतं, खपली धरते. खपली कोरडी होते, टोचते, खाजते, नाक चोंदल्यासारखं वाटतं. मग पुन्हा बोट. खपली निघते, तिच्याबरोबर नवं आलेलं अस्तरही निघतं. पुन्हा रक्त, पुन्हा खपली, या वेळी आधीपेक्षा मोठी. पुष्कळ लोक सांगतात, "सवय नाही हो, आत सारखं काहीतरी साठतं म्हणून काढावं लागतं." साठतं हे खरं आहे, पण जे साठतं ते काढल्यामुळेच साठतं.

आता भोक कसं पडतं ते पाहा. पडद्याच्या पुढच्या भागात मधे कूर्चा असते, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलेल्या आवरणातून आणि अस्तरातून तिला पोषण झिरपतं. एका बाजूचं अस्तर खरवडलं गेलं तरी दुसऱ्या बाजूवर कूर्चा तग धरते. माणूस मात्र दोन्ही नाकपुड्यांत बोट घालतो. समोरासमोरची दोन्ही अस्तरं गेली की मधल्या कूर्चेला काही मिळत नाही, ती मरते, आणि तिथे खिडकी उघडते. कुंभाराने दोन भुवयांच्या मधला देठ पंचवीस दिवस जपला, तो याच कारणाने. रक्त पोचत नाही तिथे काहीच जगत नाही.

भोक लहान असेल तर श्वास घेताना शिटी वाजते. रात्री घरच्यांना ऐकू येते, स्वतःला कित्येकदा येत नाही. मोठं असेल तर शिटी वाजत नाही, पण कडेला खपल्या धरतात, रक्त येत राहतं, आणि नाक मोकळं असूनही चोंदल्यासारखं वाटतं, कारण हवा सरळ न जाता भोकापाशी भोवरे करते. फारच मोठं झालं तर नाकाचा कणा आधाराविना बसतो, घोड्याच्या खोगिरासारखा. नुसत्या बोटाने इथवर मजल जाणं विरळा. पण बोटाच्या जोडीला दुसरं काही असलं तर जाते. क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या पडद्याला भोक पडतं हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आम्लाचा फवारा अस्तर जाळतो, आणि त्याच बोटांनी नाक कोरलं की उरलंसुरलं काम होतं. पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्या रुग्णाला मी त्याचं काम काय ते म्हणूनच आधी विचारतो. तपकीर ओढणाऱ्यांचंही अस्तर असंच सुजलेलं आणि कोरडं असतं. कोकेनबद्दल तर सांगायलाच नको.

पुण्यातच घडलेली नाकाची दुसरी गोष्ट कावसजीच्या अगदी उलट आहे. कुष्ठरोगाचे जंतू नाकाच्या अस्तरात भरपूर वाढतात. उपचार मिळाले नाहीत तर अस्तर सडतं, खपल्या धरतात, संवेदना कमी झालेली असल्यामुळे रुग्ण त्या खपल्या ओरबाडून काढतो, पडदा जातो आणि नाक बसतं. बसलेलं नाक ही या आजाराची ओळख होऊन बसली होती. रोग बरा झाला तरी माणूस घरी परत जाऊ शकत नसे. 1950 च्या दशकात डॉ. नोशिर अँटिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून आले आणि त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. गिलीज पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर काम केलेले. त्यांच्या ध्यानात आलं होतं की अशा बसलेल्या नाकात बाहेरची कातडी जागच्या जागी असते. गेलेलं असतं ते अस्तर, आणि आकसलेल्या अस्तराने कातडीला आत खेचून धरलेलं असतं. म्हणून ते वरच्या ओठाच्या आतून, हिरडीच्या वर छेद घेत, नाक आतून सोडवत, आणि साच्यावर गुंडाळलेली पातळ त्वचा अस्तर म्हणून आत बसवत. चपटं झालेलं नाक वर येई. चेहऱ्यावर बाहेरून एक ओरखडाही नाही. कुष्ठरुग्णांसाठी हीच पद्धत अँटियांनी वापरली.

कावसजीला बाहेरची कातडी हवी होती, ती कपाळावर मिळाली. कोंढव्याच्या रुग्णांना अस्तर हवं होतं, त्यासाठी दीडशेहून अधिक वर्षं जावी लागली. आणि बसवलेली त्वचाही खऱ्या अस्तराची बरोबरी करत नाही. खरं अस्तर ओलावा सोडतं, हवा गरम करतं, आणि त्यावरचे अतिसूक्ष्म केस धूळ मागे घशाकडे सारत राहतात. बसवलेली त्वचा यातलं काहीच करत नाही, ती नुसती झाकते. पडद्याचं भोक बंद करण्याची शस्त्रक्रिया आजही अवघड मानली जाते. लहान भोक आजूबाजूचं अस्तर सरकवून बंद होतं. दोन सेंटीमीटरच्या पुढे गेलं की अनुभवी सर्जनही खात्री देत नाही, आणि पुष्कळदा सिलिकॉनचं बटण बसवून भागवावं लागतं.

सवय किती लोकांना असते? बंगळूरच्या निमहान्स संस्थेतल्या चित्तरंजन अंद्रादे आणि श्रीहरी या मानसोपचारतज्ज्ञांनी शाळेतल्या 200 मुलामुलींना विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी कबूल केलं. मधला आकडा दिवसातून चार वेळा होता, आणि 7.6 टक्के मुलं वीसपेक्षा जास्त वेळा नाक कोरत होती. 2001 साली या अभ्यासाला 'इग नोबेल' हे गमतीचं पारितोषिक मिळालं. हसू येतं, पण त्यातल्या वीस वेळावाल्यांच्या नाकात डोकावलं तर हसू येणार नाही. ताण आला की, गाडीत सिग्नलला थांबलं की, अभ्यासाला बसलं की हात आपोआप नाकाकडे जातो, अशांना नुसतं रागावून उपयोग होत नाही. त्यांना हाताला दुसरं काम द्यावं लागतं, आणि क्वचित मानसोपचारतज्ज्ञाची मदतही लागते.

बोटाने आणखी एक होतं ते जंतूंचं. नाकपुडीच्या तोंडाशी जिथे केस असतात तिथे स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू पुष्कळांच्या नाकात राहतो. नाक कोरणाऱ्यांमध्ये तो अधिक सापडतो असं नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं. केस उपटले किंवा नख लागलं की तिथे पुळी येते, नाकाचं टोक लाल होऊन ठणकतं. ही पुळी पिळू नका. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून नाकाच्या वरच्या टोकापर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यामागच्या आणि मेंदूलगतच्या शिरांना जोडलेल्या असतात, आणि पिळलेला संसर्ग तिकडे जाऊ शकतो. प्रतिजैविकांच्या आधी अशा पुळीने माणसं मरत. आता क्वचितच, पण मधुमेह असेल तर वाट पाहू नये.

नाक कोरल्याने स्मृतिभ्रंश होतो, असा एक मेसेज फिरत असतो. तो उंदरांवरच्या एका प्रयोगावरून निघाला आहे. माणसांच्या बाबतीत असं सिद्ध झालेलं नाही. पडद्याची काळजी करा, तेवढी पुरे.

मग करायचं काय? खपली मऊ ठेवायची. मिठाच्या पाण्याचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते दिवसातून तीन-चार वेळा. रात्री वाटाण्याएवढं व्हॅसलीन नाकपुडीच्या तोंडाशी लावून बाहेरून हलकेच दाबायचं, म्हणजे ते पडद्याला लागतं. इयरबड आत खोल घालू नका. कुंभाराचं तूप याच जातीचा उपाय होता. नाकात तेल ओतायचं असेल तर मात्र लहान बाळांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या नाकात ओतू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. नखं कापलेली ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या पुण्यातल्या कोरड्या हवेत आणि एसीत झोपणाऱ्यांनी हे जरा जास्तच पाळावं. पडद्यावरचा ओरखडा भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या काळात एकदा जरी खपली काढली तरी मोजणी पहिल्यापासून.

घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, रक्त घशात जातं आणि उलटी होते. बसून पुढे वाका, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सोडू नका. कांदा हुंगवायला हरकत नाही, पण त्यासाठी चिमटी सोडायची नाही. वीस मिनिटांतही थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सरळ रुग्णालयात जा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलेलं असतं. ते बटणासारखी बॅटरी असू शकते, आणि ती काही तासांत पडदा जाळते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

आणि शिटी वाजू लागली, खपल्या महिनोन् महिने जात नसल्या, किंवा नाकाचा आकार बदलतोय असं वाटलं, तर 'बोट घालतो म्हणून असेल' असं स्वतःच ठरवू नका. क्षय, कुष्ठरोग आणि रक्तवाहिन्यांच्या सुजेचे काही आजारही पडद्यालाच आधी धरतात. आम्ही नाकात दिवा धरून पाहतो, गरज पडली तर कडेचा तुकडा तपासायला पाठवतो. तपासायला पाच मिनिटं लागतात आणि दुखत नाही.